आधी लोड सोडव

९ जुलैच्या संध्याकाळी, सव्वासहाच्या सुमारास, आमच्या दुकानातल्या ऑसिलोस्कोपची, म्हणजे विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची, रेघ फुगली.

टेबलावर गुहागरकडच्या एका जाखडी मंडळाचा अँप्लिफायर होता. गणपती २७ ऑगस्टला, म्हणजे हातात दीड महिना. अँप्लिफायर गाणं वाजवत नसतानाही तापायचा, मल्टिमीटरला सगळं ठीक दिसायचं. असली दुखणी स्कोपशिवाय सापडत नाहीत. मी प्रोब लावून बघत होते, तर पडद्यावरची लाट हळूहळू मोठी व्हायला लागली. मी कुठलीच नॉब फिरवली नव्हती. आधी वाटलं अँप्लिफायरच काहीतरी करतोय. प्रोब काढून स्कोपच्याच कॅलिब्रेटरला लावला. तिथे ३०० मिलिव्होल्टची चौकोनी लाट असते आणि ती बरोबर तीन घरं उंच दिसली पाहिजे. ती साडेतीन घरं दिसत होती. मग चार. उंची वाढत होती तसा उजेड कमी होत होता आणि कडा पुसट होत होत्या. मग पडदा काळा झाला. पायलट दिवा चालू, पंखा चालू, पडद्यावर काही नाही. झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा वास आला.

मागच्या खुर्चीतून बाबा म्हणाले, "काय गो बाय, ओझोन कसला येतोय?"

बाबा ८१ वर्षांचे आहेत. डोळ्यांनी आता फार थोडं दिसतं, पण नाक आणि कान तसेच आहेत. चिपळूणच्या बाजारपेठेत त्यांनी १९७८ साली रेडिओदुरुस्तीचं दुकान काढलं, टीव्ही नंतर आले. मी बारावीनंतर त्यांच्याबरोबर बसायला लागले आणि आता दुकान मीच बघते. इन्व्हर्टर, वॉशिंग मशिनचे बोर्ड, मंडळांचे अँप्लिफायर, पडेल ते.

हा स्कोप टेक्ट्रॉनिक्स ४६५. अमेरिकेत ओरेगन राज्यात बनलेला, दोन चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्झपर्यंतचा. हे मॉडेल १९७२ साली बाजारात आलं. बाबांनी तो १९९६ मध्ये मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जुना घेतला आणि एसटीत सबंध रात्र मांडीवर ठेवून आणला. दहा-अकरा किलोचं धूड. आई तेव्हा महिनाभर त्यांच्याशी नीट बोलली नव्हती, कारण घराच्या कौलांसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले होते. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा खालचं सगळं गेलं, पण हा माळ्यावर होता म्हणून वाचला. त्याचं सर्व्हिस मॅन्युअल मात्र खालच्या कपाटात होतं. पाणी ओसरल्यावर मी त्याचं एकेक पान सुटं करून दोरीवर वाळवलं आणि इस्त्री केली. निम्म्याहून जास्त पानं वाचली, हाय व्होल्टेजच्या सर्किटचं घडीचं पान नाही वाचलं. ते नंतर स्कॅन मिळवून छापून आणलं.

त्या मॅन्युअलबद्दल मला फार आदर आहे. नुसतं सर्किट देऊन ते थांबत नाही. कुठला ट्रान्झिस्टर कशासाठी आहे, कुठल्या जागी किती व्होल्ट दिसायला हवेत, कुठे कसली लाट दिसायला हवी, हे शिकवणी घेतल्यासारखं लिहिलेलं आहे. माझं अर्धं शिक्षण त्या पुस्तकावर झालं.

दुरुस्तीची सुरुवात मी चुकीच्या वाटेनं केली. जुलैतलं चिपळूण. भिंती पाझरतात, मीठ डब्यात ओघळतं, वहीची पानं मऊ पडतात. हाय व्होल्टेजच्या वस्तूला अशा दिवसांत काही झालं की पहिला संशय ओलीवर जातो, आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. धुळीचा पातळ थर ओलावा धरतो आणि काही हजार व्होल्टना तेवढी वाट पुरते. म्हणून मी स्कोप उघडला, मऊ ब्रशनं धूळ काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं हाय व्होल्टेजचा भाग पुसला, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटचा बल्ब लावून चार दिवस वाळत ठेवला. चार दिवसांनी पुन्हा तेच. काळा पडदा.

मला त्या चार दिवसांचं वाईट वाटतं. साफसफाई करायलाच हवी होती, पण रेघेनं जाता जाता मला बरंच सांगितलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं.

स्कोपच्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत मागून निघतो, दोन जोड्या पट्ट्यांमधून जाताना वाकतो आणि पडद्यावर आपटतो. झोताचा वेग जेवढा जास्त तेवढा तो वाकवायला अवघड, आणि तेवढा पडद्यावर उजेड जास्त. वेग येतो हाय व्होल्टेजमधून. म्हणजे हाय व्होल्टेज कमी झालं की झोत रेंगाळतो, त्याच पट्ट्या त्याला जास्त वाकवतात, चित्र मोठं होतं आणि मंदावतं. टीव्हीवाल्यांना हे पाठ आहे: चित्र फुगलं की ईएचटी, म्हणजे ट्यूबचं हाय व्होल्टेज, बघ. तीन घरांची लाट साडेतीन झाली तेव्हाच कळायला हवं होतं की व्होल्टेज एकदम गेलेलं नाही, कुणीतरी ते ओढून खाली आणतंय. ओलीनं ठिणगी उडाली असती तर रेघ थरथरली असती, उड्या मारल्या असत्या. ही शांतपणे सुजत गेली.

पाचव्या दिवशी बाबांच्या पद्धतीनं सुरुवात केली.

आधी खालची व्होल्टेजं. ४६५ मध्ये ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट असे पाच पुरवठे आहेत. या वयाच्या यंत्रांत टँटॅलमचे कंडेन्सर शॉर्ट होतात आणि एखादा पुरवठा जमिनीला टेकतो. मग वरचं सगळं बंद पडतं आणि माणूस उगाच हाय व्होल्टेज उकरत बसतो. पाचही जागच्या जागी होते. बीम फाइंडर दाबून पाहिला. रेघ पडद्याबाहेर गेली असेल तर त्यानं आत येते. काही आलं नाही.

मग हाय व्होल्टेजच्या ऑसिलेटरचा फ्यूज काढला. उडालेला होता.

इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं या फ्यूजच्या जागेवरून उलगडलं. हे ऑसिलेटर म्हणजे चॅसिसला स्क्रूनं बसवलेला एक पॉवर ट्रान्झिस्टर आणि एक ट्रान्सफॉर्मर. पंधरा व्होल्टच्या पुरवठ्याचा रेग्युलेटरच्या अलीकडचा भाग त्याला वीज पुरवतो, आणि तो सेकंदाला पन्नास हजारांच्या आसपास वेळा उघडझाप करतो. ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूला दोन कुटुंबं आहेत. एक, डायोड आणि कंडेन्सर लावून केलेले उणे २४५० व्होल्ट, ट्यूबच्या कॅथोडसाठी, म्हणजे जिथून झोत निघतो त्या मागच्या टोकासाठी. दुसरं, मल्टिप्लायर, म्हणजे व्होल्टेज पायरीपायरीनं वाढवणारी जोडणी. काळ्या राळेत ओतून बंद केलेला एक ठोकळा, जो पडद्याकडच्या अॅनोडला साडेपंधरा किलोव्होल्ट देतो. दोन्ही मिळून झोताला अठरा किलोव्होल्टचा धक्का मिळतो. या सगळ्यावर पहारा ठेवणारं सर्किट फक्त उणे २४५० कडे बघतं. ते कमी झालं की ऑसिलेटरला आणखी जोर लावायला सांगतं. अॅनोडच्या बाजूला काय चाललंय ते त्याला दिसतच नाही. म्हणून मल्टिप्लायर गळायला लागला तर पहारेकरी ऑसिलेटरला ढकलतच राहतो, करंट वाढत जातो, आणि शेवटी फ्यूज जातो.

नवा फ्यूज लावून बघणं सोपं होतं. तोही उडाला असता आणि काही कळलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे जाड तार लावणं, ज्यामुळे ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि या स्कोपचा ट्रान्सफॉर्मर आता सहज मिळत नाही. बाबांनी दुकानात फ्यूजच्या जागी तार कधी चालू दिली नाही. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी नाही.

मी फ्यूजच्या दोन टोकांना मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडला. आपल्याकडे मेनवर बल्बाचा सिरीज बोर्ड लावतात तेच, फक्त खालच्या व्होल्टेजला. बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स अगदी कमी, त्यामुळे ऑसिलेटर सुरू व्हायला अडचण येत नाही. करंट वाढला की तार तापते, रेझिस्टन्स वाढतो आणि करंट दोनेक अँपिअरच्या फार वर जाऊ देत नाही. शिवाय किती ओढलं जातंय ते डोळ्यांना दिसतं. मीटरचा आकडा वाचायला मान वळवावी लागते, बल्ब मान न वळवता सांगतो.

स्विच दिला. बल्ब लख्ख पेटला. बाबांना उजेड जाणवला असावा.

"आधी लोड सोडव, बाय," ते म्हणाले. "कोण ओढतोय ते बघ. देणाऱ्याला मागनं धर."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. टीव्हीचा सप्लाय बसला की बाबा सप्लायला हात लावायच्या आधी त्याच्यापुढचं एकेक खातं सुटं करायचे. माझ्या वयाचे कितीतरी मेकॅनिक आधी ट्रान्झिस्टर बदलतात, मग डायोड, मग कंडेन्सर, आणि सहा चांगले भाग फेकून सातव्याला पोचतात. जुन्या यंत्रात ते परवडत नाही. प्रत्येक वेळी तापलेलं सोल्डरिंग आयर्न लागलं की बोर्डावरची तांब्याची पट्टी थोडी सुटते. पन्नास वर्षांच्या बोर्डाला असे किती ताप द्यायचे?

आता हात घालायच्या आधीची तयारी. माझ्या कामाच्या कुर्त्याला डाव्या बाजूला मुद्दाम शिवलेला खोल खिसा आहे. हाय व्होल्टेज चालू असताना डावा हात त्या खिशात. बांगड्या, अंगठी, गळ्यातलं, सगळं खणात. पायाखाली रबरी चटई, आणि दुकानात दुसरं माणूस असल्याशिवाय सुरुवात नाही. वीज बंद केल्यावर पीव्हीसी नळीच्या टोकाला लावलेल्या रेझिस्टरनं अॅनोड आणि कॅथोड दोन्ही चॅसिसला टेकवून रिकामे करायचे, पाच मिनिटं थांबायचं, आणि परत टेकवायचे. ट्यूबची काच हाच एक कंडेन्सर आहे आणि तो एकदा रिकामा केला तरी आतला उरलेला भार हळूहळू वर येतो. साडेपंधरा किलोव्होल्टचा अॅनोड घाबरवतो जास्त, पण उणे २४५० कडे मी जास्त भीतीनं बघते. तिथले फिल्टरचे कंडेन्सर आणि पहारेकऱ्याचा जोर दोन्ही हातात येऊ शकतात.

मोजायला बाबांनी १९८७ मध्ये केलेला प्रोब आहे. अॅक्रिलिकच्या नळीत दहा मेगओहमचे शंभर रेझिस्टर एकापुढे एक, वरून मेण ओतलेलं. एकूण एक गिगाओहम. पंधरा किलोव्होल्ट लावले तरी प्रत्येक रेझिस्टरच्या वाट्याला दीडशेच व्होल्ट येतात. खालच्या टोकाला मीटर धरून एक मेगओहम होईल असा हिशोब, म्हणजे मीटरवर एक व्होल्ट दिसला की खरे हजार. प्रोबमधून जाणारा करंट पंधरा मायक्रोअँपिअर, त्यामुळे बिचाऱ्या सप्लायवर भार पडत नाही. नेहमीचा मीटर हजार व्होल्टच्या वर लावायचाच नाही. तो चुकीचं दाखवतो एवढंच नाही, तो हातात फुटू शकतो.

पहिली गाठ सोडवली ती अॅनोडची. ट्यूबकडे जाणारी जाड वायर काढली, मोकळं टोक कोरड्या काचेच्या बरणीत सगळ्यापासून लांब ठेवलं. स्विच. बल्ब तसाच लख्ख. म्हणजे ओढणारी ट्यूब नव्हे. हे कळल्यावर मी दोन मिनिटं नुसती बसले. ट्यूब गेली असती तर दुरुस्ती तिथेच संपली असती.

दुसरी गाठ, ट्रान्सफॉर्मरकडून मल्टिप्लायरच्या ठोकळ्यात जाणारी वायर. ती एका जागी सोल्डर सोडवून वर उचलली. स्विच.

बल्ब क्षणभर चमकला आणि विझत विझत नुसता तांबूस उरला.

प्रोब कॅथोडला लावला: उणे २४४०. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "लाइट घालव आणि पडदा बघ." दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ट्यूबलाइट बंद केली, ब्राइटनेस पूर्ण वाढवला. काळोखात पाचेक मिनिटं डोळे सरावू दिले. पडद्याच्या मधोमध एक धुरकट हिरवट पट्टा होता. रेघ म्हणता येणार नाही इतका जाड, पण उभी पोझिशन फिरवली की वर-खाली सरकत होता. अॅनोडविना, नुसत्या कॅथोडच्या जोरावर. मी बाबांचा हात धरून त्यांना पडद्याशी नेलं. त्यांना दिसला की नाही कुणास ठाऊक. म्हणाले, "म्हणजे ठोकळाच."

ठोकळाच. त्याला उघडता येत नाही. आतले डायोड आणि कंडेन्सर राळेत कायमचे गाडलेले असतात, फोडला तर सगळंच फुटतं. अर्धं शतक तापत आणि गार होत राहिल्यावर राळ आणि धातू यांच्यात केसाएवढी फट पडते, फटीत हवा येते, हवेत बारीक ठिणगी सुरू होते, ठिणगीनं कोळशाची वाट तयार होते. ओझोनचा वास तोच. हा कुणाचा दोष नाही. पन्नास वर्षं टिकेल असं कोणी म्हटलं नव्हतं आणि तरी तो टिकला.

आता तो ठोकळा करतो काय, हे मला रहाटामुळे समजलं होतं. आजोळी, गुहागर तालुक्यात, पोफळीच्या बागेला रहाटानं पाणी काढायचे. एकेक लोटा थोडंसंच पाणी घेऊन वर येतो आणि पन्हळीत ओततो. मल्टिप्लायरमध्ये कंडेन्सर म्हणजे लोटे आणि डायोड म्हणजे मागे फिरू न देणारी खुंटी. ट्रान्सफॉर्मरचा झोका खाली गेला की खालच्या लोट्यात भार भरतो, वर आला की तो वरच्या लोट्यात जातो. झोक्याची एकूण उंची पाच किलोव्होल्टच्या आसपास, आणि प्रत्येक पायरीला तेवढी भर पडते. तीन पायऱ्या, पंधरा किलोव्होल्ट. हीच रचना खूप मोठी करून कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत प्रोटॉनचा मारा केला आणि लिथियमचा अणुगर्भ फोडला. १९५१ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. मूळ कल्पना त्यांच्याही आधी ग्राइनाखर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाची. ज्या कल्पनेनं अणू फोडला तीच चिपळूणच्या दुकानातल्या रेघेला उजेड देते, हे मला दरवेळी नव्यानं आवडतं.

पायऱ्या वाढवल्या की व्होल्टेज वाढतं, पण भार पडल्यावर होणारी तूट पायऱ्यांच्या घनात वाढते. दुप्पट पायऱ्यांना जवळजवळ आठपट तूट. आपल्याला तीनच हव्या होत्या, हजार पिकोफॅरडचे कंडेन्सर, पन्नास किलोहर्ट्झ, करंट काही मायक्रोअँपिअर. हिशोब केला तर तूट पंचवीस व्होल्टच्या आत येत होती. पंधरा हजारांत पंचवीस. म्हणजे घरी बांधता येण्यासारखी गोष्ट होती.

कंडेन्सर मुंबईहून मागवले, १५ किलोव्होल्टचे निळे सिरॅमिक. डायोडच्या बाबतीत मी घाई केली. दुकानात मायक्रोवेव्ह ओव्हनचे हाय व्होल्टेज डायोड पडलेले होते, बारा किलोव्होल्टचे. व्होल्टेज पुरत होतं, म्हणून तेच लावून उघड्यावर एक जोडणी करून पाहिली. बल्ब अर्धा पेटला, डायोड हात लावता येणार नाही इतके तापले, आणि अॅनोडला जेमतेम सहा किलोव्होल्ट मिळाले. कारण उघड आहे, पण मला ते तापलेल्या डायोडनं सांगावं लागलं. ओव्हनचा डायोड पन्नास हर्ट्झसाठी केलेला असतो. उलटी दिशा आल्यावर बंद व्हायला त्याला वेळ लागतो. पन्नास हर्ट्झला तो वेळ कुणाच्या लक्षातही येत नाही. पन्नास हजारांना मात्र तो बंद व्हायच्या आत पुढचा झोका आलेला असतो. खुंटी सैल, लोटा भरतो आणि परत विहिरीत सांडतो. मग वीस किलोव्होल्टचे जलद डायोड मागवले, शंभर नॅनोसेकंदात बंद होणारे. ते यायला नऊ दिवस लागले. आंबा घाटात दरड, कुरिअर कोल्हापूरला अडकलेलं.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ सोल्डरला दिला. हाय व्होल्टेजला टोक चालत नाही. टोकाशी विद्युतक्षेत्र गोळा होतं आणि हवा तिथूनच फुटायला लागते. इमारतींवरच्या वीजवाहक सळईला टोक असतं त्याचं कारणही हेच. साध्या बोर्डावर आपण पाय कापून टाकतो, कापलेलं टोक वर राहतं. इथे प्रत्येक सांधा मण्यासारखा गोल हवा. बाबा ईएचटीची कॅप बदलताना म्हणायचे, "गोळा कर, काटा नको." मी सहा डायोड, सहा कंडेन्सर, तेरा सांधे केले. मग बाबांच्या हातात दिलं. त्यांनी प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला आणि दोन ठिकाणी थांबले. दोन्ही ठिकाणी खरोखरच बारीक काटा होता. मी परत केले.

अंतरं: मोकळ्या हवेत मिलिमीटरला तीन किलोव्होल्ट टिकतात असं पुस्तकात असतं, पण ते गुळगुळीत, समान क्षेत्रासाठी. कोकणातल्या हवेत मी मिलिमीटरला एकच धरते. अॅनोडच्या टोकापासून चॅसिसपर्यंत वीस मिलिमीटर मोकळे ठेवले.

ओतायला सिलिकॉन वापरलं. बाथरूमच्या फटींना लावतात ते व्हिनेगरच्या वासाचं नाही. त्यातून निघणारं अॅसेटिक आम्ल तांबं खातं. न्यूट्रल प्रकारचं आणलं. ते हवेतला ओलावा घेऊनच घट्ट होतं, म्हणून या पावसात त्याचं छान चाललं. पण जाड थर दिला तर वरून साय धरते आणि आत ओलंच राहतं. रोज तीन मिलिमीटर, एक थर. बुडबुडा राहिला तर पुढे तिथेच ठिणगी, म्हणून प्रत्येक थर दिल्यावर डबी टेबलावर हळूहळू आपटत राहायची. सात थर, आणि वर आठवडाभर वाट. या आठवड्यात मंडळाच्या मुलांचे चार फोन आले.

थांबलेल्या दिवसांत उणे २४५० चं व्होल्टेज मोजून पहारेकऱ्याला कळवणारे मोठे रेझिस्टर तपासले. जुन्या यंत्रात मेगओहमवाले रेझिस्टर वाढत जातात. हा वाढला तर पहारेकऱ्याला व्होल्टेज कमी वाटतं, तो आणखी चढवतो, आणि नवा मल्टिप्लायर पहिल्याच महिन्यात जातो. ते जागेवर होते. ही तपासणी कोणी टाळू नये असं माझं ठाम मत आहे.

१३ ऑगस्टला संध्याकाळी जोडलं. मेनवर डिमरस्टॅट, म्हणजे व्होल्टेज हळूहळू चढवता येईल असा ट्रान्सफॉर्मर, त्यापुढे सिरीज बोर्ड, फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा बल्ब. दुकानात बाबा आणि शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी. दिवे बंद, म्हणजे कुठे निळसर कोरोना, हवेत होणारी विजेची गळती, दिसला तर लगेच कळेल. हळूहळू चढवत नेलं. बल्ब तांबूस झाला आणि तिथेच थांबला. कुठे निळं नाही, चिरचिर नाही. अॅनोड: आठ किलोव्होल्ट, अकरा, तेरा, आणि पूर्ण मेनवर १५.२.

पडद्यावर रेघ होती. बारीक, हिरवी, कडा धारदार. कॅलिब्रेटर लावला. तीन घरं. मी फोकस लावत असताना बाबा खुर्चीतून उठून आले, कपाळ जवळजवळ पडद्याला टेकवलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "उभी वर घे जरा." मी पोझिशन फिरवली. "आता खाली." मी खाली घेतली. त्यांनी बोटानं काचेवर रेघेच्या बरोबर जागी टेकवलं.

बल्ब काढून योग्य फ्यूज लावला, चार तास चालू ठेवला, मग झाकणं बसवली. जुना ठोकळा खणात आहे, त्यावर चिठ्ठी: "९ जुलै २०२५, आतून गळका."

दुसऱ्या दिवशी मंडळाचा अँप्लिफायर परत टेबलावर. प्रोब लावल्यावर मिनिटभरात दिसलं: आउटपुटला काही शे किलोहर्ट्झची लाट, कानाला न ऐकू येणारी, गाणं नसतानाही सतत चालू. आउटपुटला समांतर असणाऱ्या दहा ओहम रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड कंडेन्सरच्या जोडीतला रेझिस्टर जळून तुटला होता. दहा रुपयांचं काम. मुलं २१ तारखेला येऊन घेऊन गेली.

स्कोपचा अॅनोड मी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजते आणि वहीत लिहिते. सप्टेंबर १५.२, ऑक्टोबर १५.२, नोव्हेंबर १५.१.